अ‍ॅपचा फेरफार कोण लिहिणार?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय तुमच्या-माझ्या खिशातल्या मोबाइलचा आहे, म्हणून सवडीने का होईना, शेवटपर्यंत वाचा.

आधी एक कबुली देतो. मागच्या हंगामात मी याच पेजवर एका शेतकरी योजनेच्या अ‍ॅपवर अर्ज कसा भरायचा ते लिहिलं होतं. सात पायऱ्या, स्क्रीनचे फोटो, कुठलं बटण कधी दाबायचं, सगळं. अ‍ॅपचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण मुद्दा एका अ‍ॅपचा नाही. पोस्ट लोकांनी भरपूर फिरवली. दोन सेवा केंद्रांनी तिचा प्रिंट काढून भिंतीला चिकटवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग एके दिवशी सकाळी शेजारच्या गावचे एक आबा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. हातात माझ्याच पोस्टचा प्रिंट, चार घड्या पडलेला.

"पत्रकार, तुमच्या कागदावर सात पायऱ्या हायेत. मोबाइलात आठ दिसत्यात. आठवी कुणी काढली?"

मी मोबाइल उघडला. खरंच आठ होत्या. मधे कधीतरी रात्रीत अ‍ॅप अपडेट झालं होतं आणि शेवटी एक नवी पायरी आली होती. पुन्हा आधारचा ओटीपी टाकायचा आणि स्वयंघोषणेवर टिक करायची. ठीक आहे, असेल गरज. पण ज्यांनी आधीच अर्ज भरले होते, त्यांचे अर्ज गुपचूप 'अपूर्ण' मध्ये जाऊन बसले होते. ना मेसेज, ना फोन. आबांनी पहिल्याच आठवड्यात अर्ज भरला होता. पावती खिशात होती. काम झालं म्हणून ते निर्धास्त होते. मुदत परवाच संपली होती.

अ‍ॅपच्या पानावर 'नवीन काय' असा एक रकाना असतो. तिथे काय लिहिलं होतं? इंग्रजीत एक ओळ. तिचा अर्थ एवढाच, की किरकोळ दुरुस्त्या केल्या आणि वेग सुधारला.

आबांचं वर्षाचं अनुदान गेलं आणि त्याला नाव काय, तर किरकोळ दुरुस्ती!

आता कबुलीचा दुसरा भाग, जो जास्त अवघड आहे. आबा गेल्यावर मी काय केलं? माझी जुनी पोस्ट उघडली, 'सात' खोडून 'आठ' केलं, नवा स्क्रीनशॉट टाकला आणि मोकळा झालो. बदल केलाय असं एका शब्दाने लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी वाचली असती तर वाटलं असतं, पहिल्यापासून आठच होत्या. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी अ‍ॅपवाल्यांना शिव्या घालत होतो, तीच मी दहा मिनिटांत करून बसलो. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं, की चूक झाली तर ती छापून दुरुस्त करायची, गुपचूप नाही. वीस वर्षांत विसरलो बघा.

हे डोक्यात घोळत असताना पुण्याहून भाचा आला. तो सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जेवताना त्याला सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मामा, आमच्याकडे तर यावर कायम वाद असतो. बदलांची यादी माणसाने लिहायची की मशीनने काढायची?"

त्याने जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो.

कुठलंही सॉफ्टवेअर रोज थोडं थोडं बदलत असतं. काम करणारा प्रत्येक जण केलेल्या बदलाची एक छोटी नोंद टाकतो. असे दहा-पन्नास बदल साठले की नवी आवृत्ती बाहेर सोडतात. तिच्यासोबत एक यादी असते, काय नवं आलं, काय काढलं, काय दुरुस्त केलं. तिला चेंजलॉग म्हणतात. आवृत्तीला नंबर असतो, तीन आकड्यांचा, समजा २.४.१. यामागे एक रूढ पद्धत आहे. शेवटचा आकडा बदलला तर फक्त दुरुस्ती. मधला बदलला तर काहीतरी नवं आलंय, पण जुनं मोडलेलं नाही. आणि पहिला आकडा बदलला तर सावध व्हा, जुन्या पद्धतीने चालणार नाही. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी हा नियम लिहून काढला आणि तो जगभर पसरला.

पूर्वी हे सगळं हाताने व्हायचं. माणूस यादी लिहायचा, नंबर ठरवायचा, फाइली एकेक करून सर्व्हरवर चढवायचा. आता 'सिमँटिक-रिलीज' सारखी साधनं आहेत. नोंदीच्या सुरुवातीला 'फिक्स' लिहिलं की शेवटचा आकडा वाढतो, 'फीट' लिहिलं की मधला. यादी आपोआप तयार, आवृत्ती आपोआप बाहेर. या साधनाची भूमिकाच अशी आहे, की आवृत्तीचा नंबर माणसाच्या भावनेवर सोडायचा नाही.

"मग भांडण कशाचं?" मी विचारलं.

"हाताने करणारे म्हणतात, मशीनची यादी कुणाला कळत नाही. मशीनवाले म्हणतात, हाताने लिहिणारे विसरतात."

मंडळी, दोघंही खरं बोलतात. दोन उदाहरणं देतो, दोन्ही जगजाहीर आहेत.

पहिलं १ ऑगस्ट २०१२ चं. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर व्यवहारांची मोठी कंपनी होती. तिने नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चढवलं. हाताने. सातवर चढलं, आठव्यावर चढवायचं राहिलं. तपासायला दुसरा माणूस नव्हता आणि तपासलंच पाहिजे असा लेखी नियमही नव्हता. बाजार उघडला आणि त्या आठव्या सर्व्हरवरचा जुना, वापरात नसलेला प्रोग्राम जागा झाला. सुमारे पाऊण तासात कंपनीला ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त तोटा झाला. पुढे ती कंपनी स्वतंत्र राहिली नाही, दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. एका विसरलेल्या सर्व्हरचा हा हिशोब.

यात अजून एक गोष्ट आहे, जी मला जास्त बोचली. बाजार उघडण्याआधी कंपनीच्याच यंत्रणेने त्या गडबडीबद्दल ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. आपोआप. पण ते इशारा म्हणून पाठवायचे, असं कुणी ठरवलेलंच नव्हतं, त्यामुळे कुणी त्यावर हललं नाही. म्हणजे मशीनने सांगितलं होतं. पण ज्याला कळायला हवं त्याला, कळेल अशा शब्दांत सांगितलं नव्हतं.

दुसरं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. १९ जुलै २०२४, शुक्रवार. जगभर विंडोजचे कॉम्प्युटर निळे पडले. विमानतळं ठप्प. आपल्याकडे काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याचे फोटो सगळीकडे फिरले होते. झालं काय होतं? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपली वेळ सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाइल सोडली. आपोआप, सगळीकडे, एकाच वेळी. ती तपासणारा प्रोग्रामही होता, पण त्यातच चूक होती, त्याने फाइल पास केली. ७८ मिनिटांनी फाइल मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशीन बसल्या होत्या. आणि गंमत बघा, बिघाड आपोआप झाला, दुरुस्ती मात्र कित्येक ठिकाणी माणसाने एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन करावी लागली.

त्यानंतर कंपनीने काय बदललं? असे अपडेट टप्प्याटप्प्याने सोडायचे, आणि ते कधी घ्यायचे यात ग्राहकालाही हात ठेवायचा. म्हणजे मधे एक थांबा आला.

थोडक्यात, हात विसरतो. आणि मशीनला 'थांब' म्हणणारं कुणी ठेवलं नाही तर ती थांबत नाही.

मग करायचं काय? भाच्याच्या जगाकडे याचं उत्तर आहेच, त्याने सांगितलंही. पण मला ते आपल्या तहसीलमध्ये सापडलं. आश्चर्य वाटेल, पण वाचा.

आपल्या सगळ्यांच्या घरात सातबारा आहे. सातबारा म्हणजे जमिनीची आजची स्थिती. पण आजची स्थिती कशी आली? आजोबांचं नाव कधी गेलं, वडिलांचं कधी लागलं, बोजा कधी चढला, कधी उतरला? ते सातबारा सांगत नाही. ते सांगतो गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर असतो, तो धरून मागे मागे जाता येतं. बदल कोणता, कुणाचा, कशाच्या आधारे, सगळं लिहिलेलं.

आता तुम्हीच सांगा, हा चेंजलॉग नाही तर काय आहे? सॉफ्टवेअरवाल्यांच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावात तो आहे.

आणि त्याचे नियम बघा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५०. तलाठ्याने (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवला की त्याची प्रत चावडीवर लावायची. ज्यांचा संबंध येतो त्यांना कळवायचं. कुणी हरकत घेतली तर ती वेगळ्या नोंदवहीत घ्यायची आणि सुनावणी करायची. मग मंडळ अधिकाऱ्याने तपासून प्रमाणित करायचं, तेव्हा कुठे नोंद पक्की. नुसता लेखनप्रमाद असेल, नावातली वेलांटी चुकली असेल, तरी त्यासाठी कलम १५५ आहे. दुरुस्ती किरकोळ असली तरी ती आदेशाने होते, रात्रीत नाही.

आता यात ऑटोमेशन आलं का? आलं. ई-फेरफार आल्यापासून दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवलं की माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे जाते. पूर्वी तीच माहिती कागद घेऊन फिरून, पुन्हा लिहून, पुन्हा चुकून व्हायची. ते मशीनने वाचवलं, उत्तम झालं. पण नोटीस राहिली. हरकतीची मुदत राहिली. मंडळ अधिकाऱ्याची सही राहिली. मशीनने लिहायचं, माणसाने वाचून पुढे सोडायचं.

महसूल खात्यात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, हे पेज वाचणाऱ्यांना माझं महसूल खात्याबद्दलचं मत माहीत आहे. नोटिसा कागदोपत्री लागतात, फेरफार अडवले जातात, सगळं खरं. पण नियम बरोबर आहे. तो पाळला नाही तर आपण भांडू शकतो, कारण तो आहे. अ‍ॅपच्या बाबतीत भांडायला नियमच नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आवृत्ती तयार करणं, तपासण्या चालवणं, नंबर देणं, फाइली चढवणं, झालेल्या बदलांची कच्ची यादी काढणं, हे सगळं बिनधास्त मशीनला द्या. माणसाने हाताने करावं असं त्यात काही नाही, उलट नाइट कॅपिटल होईल. पण दोन गोष्टी माणसाकडे ठेवा. एक, ज्याच्यावर परिणाम होणार त्याला कळेल अशी ओळ लिहिणं. दोन, "आता सोडा" म्हणणं, आणि ते कुणी म्हटलं याची नोंद.

हे जमतं, हवेतली कल्पना नाही. गूगलचंच 'रिलीज-प्लीज' नावाचं साधन आहे. ते यादी तयार करून समोर ठेवतं, माणसाने वाचून होकार दिला की मगच पुढे जातं. 'चेंजसेट्स' नावाचं दुसरं आहे, त्यात बदल करणाऱ्यानेच दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या, मशीन त्या फक्त गोळा करतं. आणि ग्नू प्रकल्पाच्या जुन्या नियमांत तर दोन वेगळ्या फाइली सांगितल्या आहेत. चेंजलॉग काम करणाऱ्यांसाठी आणि न्यूज वापरणाऱ्यांसाठी. किती साधी गोष्ट आहे बघा. आपल्याकडे गल्लत इथेच होते. कामगाराच्या नोंदी ग्राहकासमोर टाकल्या जातात, नाहीतर काहीच टाकलं जात नाही.

यावर भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणता ते बरोबर, पण वाचतं कोण? आम्ही इतकं मन लावून लिहितो, कुणी उघडूनही बघत नाही."

खरं आहे. पण चावडीवरची नोटीस तरी किती जण वाचतात? गावात शंभरातले दोन. पण त्या दोघांतला एक बोलतो, "अरे, तुझ्या गटाची नोंद लागलीय, जाऊन बघ." तेवढं पुरतं. अ‍ॅपमध्ये ओळ लिहिली असती, तर ती आबांनी वाचली नसती, मान्य. सेवा केंद्रातल्या पोराने वाचली असती. मी वाचली असती. मी वाचली असती तर इथे लिहिलं असतं, आणि मुदतीआधी चार दिवस आबांना कुणीतरी सांगितलं असतं. गावागावांत माहिती अशीच पोचते, एका वाचणाऱ्याकडून शंभर न वाचणाऱ्यांकडे. ती ओळ नसेल तर ही सगळी साखळीच तुटते.

दुसरा आक्षेप, आता एआय आहे, तोच सोप्या मराठीत लिहून देईल. देईल की. मीही बातम्यांची टिपणं करायला वापरतो. गोड लिहितो. पण पन्नास बदलांतला कुठला आबांच्या पोटावर येणार आहे, हे त्याला कोण सांगणार? बटणाचा रंग आणि अर्ज 'अपूर्ण' होणं, या दोन्ही त्याच्यासाठी एकेक ओळीच. लिहू द्या त्याला कच्चं. वाचून सही करणारा माणूस मात्र हवाच.

तिसरा आक्षेप मला एका अधिकाऱ्याने खासगीत सांगितला. "बदल एवढे होतात, प्रत्येकाला नोटीस काढत बसलो तर काम कधी करायचं?" साहेब, प्रत्येकाला नको. तीन आकड्यांचा नियम काय सांगतो? दुरुस्ती वेगळी, नवी सोय वेगळी आणि जुनं मोडणारा बदल वेगळा. वेग सुधारला, खुशाल रात्रीत सोडा. पण एखादा रकाना सक्तीचा केला, नवा कागद मागितला, भरलेले अर्ज परत उघडले, तर ती सॉफ्टवेअरची दुरुस्ती नाही, तो नियमातला बदल आहे. नियम बदलायचा तर शासन निर्णय निघतो, त्याला तारीख असते, नंबर असतो, सही असते. तोच बदल अ‍ॅपमधून केला तर यातलं काहीच लागत नाही, हे कसं चालेल?

आणि कायदा तर आहेच. माहिती अधिकार अधिनियम २००५, कलम ४. लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची माहिती प्रसिद्ध करायची, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना कारणं द्यायची, आणि हे करताना स्थानिक भाषेचा विचार करायचा. कुणी अर्ज करायची वाट न बघता, स्वतःहून. अ‍ॅपमधला 'नवीन काय' हा रकाना या कलमाच्या बाहेर आहे असं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

म्हणून माझ्या मागण्या. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि अधिकाऱ्यांनी वाचाव्यात, काही जण हे पेज बघतात हे मला ठाऊक आहे.

१) प्रत्येक सरकारी अ‍ॅपच्या पहिल्या पानावर आवृत्तीचा नंबर आणि तारीख दिसावी.

२) बदल मराठीत लिहावा. काय बदललं, कुणाला लागू, त्याने आता काय करायचं. तीन वाक्यं पुरे.

३) अर्जाच्या अटी बदलणारा अपडेट असेल तर आधी कळवावं, आणि अंतिम मुदतीच्या तोंडावर तो सोडूच नये. सोडलाच तर मुदत वाढवावी.

४) भरलेला अर्ज 'अपूर्ण' होत असेल तर त्या माणसाच्या मोबाइलवर मेसेज गेलाच पाहिजे. ओटीपी पाठवता येतो, तर हेही येतं.

५) जुन्या बदलांची यादी पुसू नये. कुठल्या तारखेला अ‍ॅप काय मागत होतं, हे पुढे सिद्ध करता आलं पाहिजे.

यात पैसा लागत नाही. बहुतेक काम मशीनच करेल. लागतो तो वाचणारा एक माणूस आणि त्याची सही.

पाचवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, का ते सांगतो. आबांना घेऊन मी कार्यालयात गेलो. टेबलावरच्या माणसाने अ‍ॅप उघडलं, आठवी पायरी दाखवली आणि म्हणाला, "ही पायरी आहेच की. यांनी भरली नाही." ती आधी नव्हती, हे आम्ही कशाच्या जोरावर सांगायचं? पुरावा एकच होता. माझ्या पोस्टचा तो चार घड्यांचा प्रिंट, ज्यावर सात पायऱ्या होत्या आणि खाली तारीख होती. मी माझी मूळ पोस्ट बदलून बसलो होतो. आबांनी कागद जपून ठेवला होता. अर्जासोबत तोच जोडलाय. आवक नंबर मिळालाय, उत्तर अजून नाही. आलं की इथे लिहीन, काहीही आलं तरी.

आणि माझ्यापुरतं म्हणाल तर आजपासून या पेजवरच्या कुठल्याही पोस्टमध्ये बदल केला, तर खाली तारखेसह लिहीन, की काय होतं आणि काय केलं. त्या जुन्या पोस्टखालीही लिहिलंय, उशिरा का होईना.

तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर सांगा. अ‍ॅपचं नाव, साधारण तारीख आणि आधीचा स्क्रीनशॉट असेल तर तो जपून ठेवा. सध्या तरी आपला फेरफार आपल्यालाच ठेवायचा आहे.

या पोस्टमधले बदल: अजून एकही नाही.